वर्कस्टेशन तपासणीचा अर्ज: कोण करू शकतं, काय जोडायचं आणि तो परत का येतो

‘मला नवीन खुर्ची मिळावी, ही विनंती.’ परत येणारे निम्मे अर्ज याच वाक्याने सुरू होतात. अशा अर्जांची छाननी करणाऱ्या समितीत मी काही वर्षं बसलो आहे, म्हणून आधी एवढंच सांगतो: हा अर्ज खुर्चीचा नाही. टेबल, खुर्ची, मॉनिटर आणि त्यांच्यापुढे बसणारा माणूस यांचं जमतंय का, हे मोजून पाहण्याचा आहे. खुर्ची मागितलीत की कागद खरेदीच्या फायलीत जातो आणि ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. विषयाच्या ओळीत ‘माझ्या संगणक वर्कस्टेशनची तपासणी होणेबाबत’ एवढंच लिहा. खुर्ची लागणार असेल तर ती अहवालातून येईल.

आता पात्रता. ‘दुखत नाही तर अर्ज कसा करू?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. दुखणं ही अटच नाही. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशाने नियमितपणे पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या जागा तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकली. डोळे, शरीर आणि मानसिक ताण या तिन्ही अंगांनी ही तपासणी करायची आणि त्यासाठी कोणी तक्रार करण्याची वाट पाहायची नाही. ब्रिटनमधले १९९२ चे नियम त्यावरच बेतलेले आहेत. रोज, सलग तासभर किंवा त्याहून जास्त वेळ पडद्यासमोर बसणारा माणूस यात येतो, असं तिथलं मार्गदर्शन सांगतं. घरून काम करणाराही त्यातून सुटत नाही. प्रत्येक ठिकाणचे नियम सारखे नसतात, पण आपण यात बसतो का हे स्वतःशी ताडून पाहायला हा तासाभराचा निकष कुठेही चालतो. ज्यांना ठरलेली जागा नाही, ते फॉर्मवर टेबल क्रमांकाचा रकाना कोरा ठेवतात आणि तेवढ्यावरून अर्ज ‘अपूर्ण’ ठरतो. तिथे ‘निश्चित जागा नाही’ असं लिहून ज्या दोन-तीन जागांवर जास्त बसता त्यांचे क्रमांक द्या.

डॉक्टरांचा दाखला मिळवण्यात लोक पंधरा-पंधरा दिवस घालवतात. साध्या तपासणीला तो लागू नये. आधीचं दुखणं, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यामुळे वेगळी सोय हवी असेल तरच तो जोडायचा. आणि जोडलात तर तो कामाचा असू द्या. ‘एर्गोनॉमिक खुर्ची द्यावी’ एवढ्या ओळीने काहीच कळत नाही. ‘एर्गोनॉमिक’, म्हणजे शरीराला जुळणारी, हा शब्द दुकानदार कुठल्याही खुर्चीवर चिकटवतो. डॉक्टरांना सांगा, की काय जमत नाही ते लिहा: सलग किती मिनिटं बसता येतं, हात किती उंच नेता येतो, ही अडचण किती महिने राहील. रोगाचं नाव, एमआरआयची फाईल, औषधांची यादी यांतलं काहीही प्रशासनाच्या टेबलावर ठेवू नका. ते कोणी मागितलेलं नसतं, आणि एकदा दिलं की कुठे फिरेल सांगता येत नाही.

जो कागद कुणाकडेच नसतो, तो म्हणजे स्वतःची मापं. फॉर्मवर रकाना असो-नसो, ती जोडाच. मेजपट्टी आणि एक सहकारी, पाच मिनिटांचं काम आहे. नेहमीचे बूट किंवा चपला घालून, पाय जमिनीवर सपाट टेकवून, खांदे सैल सोडून बसा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची, जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची आणि टेबलाची उंची ही तीन मापं पुरतात. समजा कोपर ६४ सेंटीमीटरवर आहे आणि टेबल ७३ वर. म्हणजे दिवसभर ९ सेंटीमीटर खांदे उचलून टायपिंग चाललं आहे. खुर्ची तेवढी वर घेतली तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली सीटची कड रुतते. यावर उपाय दोनच: टेबल खाली आणा, नाहीतर खुर्ची वर घेऊन पायाखाली तेवढ्याच उंचीचा फूटरेस्ट द्या. यात खुर्चीचा काही दोष नव्हता, हे ध्यानात घ्या. ‘मान-पाठ फार दुखते’ अशी दोन पानं लिहिण्यापेक्षा हा एक आकडा छाननीत टिकतो.

यानंतर फोटो. इथे जवळजवळ सगळेच फसतात, कारण कॅमेरा दिसला की माणूस ताठ बसतो. या फोटोवरून तुमच्या बसण्यातल्या जोखमीला गुण दिले जातात; गुण जास्त, तेवढी जोखीम जास्त. त्यासाठी सहसा दोन पद्धती वापरात आहेत: मॅकअ‍ॅटम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडलेली रुला, आणि खास कार्यालयांसाठी २०१२ मध्ये आलेली रोसा. रोसात ५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची कारवाई करावी लागते. ताठ बसून काढलेल्या फोटोला ३ मिळतात, ‘जोखीम कमी’ असं लिहून फाईल बंद होते आणि त्याच संध्याकाळी तुमची मान पुन्हा पुढे आलेली असते. म्हणून फोटो दुपारनंतर, तुमचं लक्ष कामात असताना, सहकाऱ्याला बाजूने काढायला सांगा. कॅमेरा कोपराच्या उंचीवर हवा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत सगळं दिसायला हवं. स्क्रीनवर मात्र काम उघडं नको. ग्राहकाची माहिती दिसते म्हणून माहिती-सुरक्षेच्या लोकांनी परत पाठवलेले फोटो मी कितीतरी पाहिले आहेत.

दुखण्याच्या प्रश्नावलीत मुदत चुकीची वाचली जाते. बऱ्याच ठिकाणी १९८७ च्या नॉर्डिक प्रश्नावलीवरून बेतलेला फॉर्म असतो. त्यात शरीराचे नऊ भाग आणि प्रत्येकापुढे दोन कालावधी असतात: गेले १२ महिने आणि गेले ७ दिवस. लोक रजेवरून परतल्यावर फॉर्म भरतात, त्या आठवड्यात बरं वाटत असतं, आणि सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. दोन्ही रकान्यांचा वेगवेगळा विचार करून भरा. त्याखाली ‘यामुळे नेहमीचं काम करता आलं नाही का?’ असा प्रश्न असतो. रजा घेतली नाही म्हणून इथेही ‘नाही’ लिहिलं जातं. पण मूळ प्रश्न घरातल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कामांबद्दल आहे. मनगटामुळे भरलेली बादली उचलता आली नसेल, तर उत्तर ‘हो’ आहे.

चष्म्याचा रकाना सोडू नका, आणि चष्मा कोणता तेही लिहा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा जरा खाली, अंतर साधारण ५० ते १०० सेंटीमीटर, हा नेहमीचा नियम. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्याला तो बाधतो. भिंगाच्या खालच्या भागातून पाहावं लागत असल्याने तो हनुवटी वर करून बसतो, त्याला पडदा आणखी खालीच हवा असतो. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे हे न कळल्यामुळे तपासनीसाने मॉनिटर वर चढवला आणि मान आणखी आखडली, असंही झालेलं आहे.

लॅपटॉपवर काम असेल तर तसं लिहा. वेगळा की-बोर्ड, माउस आणि पडदा उंच करायचा स्टँड बहुतेक वेळा वाद न होता मिळतात. सैल प्लग, एक्स्टेंशनमध्ये खोचलेलं एक्स्टेंशन, पायात येणाऱ्या वायरी हे या अर्जात घालून थांबू नका. ते त्याच दिवशी वेगळं कळवा, कारण तपासणीचा नंबर लागेपर्यंत थांबण्याजोगी ती गोष्ट नाही.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. तपासणीच्या दिवशी टेबल आवरू नका! दरवेळी कोणीतरी आवरतंच. फायलींचे गठ्ठे खाली असल्याने गुडघे वाकडे ठेवून बसावं लागतं, हे मग तपासणाऱ्याला दिसणार कसं?

शेवटची अडचण अहवाल हातात आल्यावरची. फेरतपासणी मागण्याची मुदत बारीक अक्षरांत छापलेली असते. ती कधीपासून मोजायची हे तिथेच वाचा. आमच्याकडे ती ३० दिवसांची होती आणि अहवालाच्या तारखेपासून मोजत. फूटरेस्ट पस्तिसाव्या दिवशी यायचा. न आलेल्या वस्तूबद्दल हरकत कोण घेणार, आणि ती आल्यावर मुदत संपलेली. यावर एकच तोड: सामान आलेलं नसेल तर मुदतीच्या आतच ‘शिफारस केलेली वस्तू अद्याप मिळालेली नाही, मुदत वाढवावी’ अशी एक ओळ मेलने पाठवून ठेवा.

आणि जागा बदलली की जुना अहवाल संपला, कारण तो तुमचा आणि त्या टेबलाचा मिळून असतो. नव्या जागी नवा अर्ज करावा लागतो. कोपराचं आणि गुडघ्याचं माप मात्र तेच चालतं, त्यामुळे त्याची प्रत जवळ ठेवा आणि या वेळी फक्त टेबल मोजा.