लिग्नाइटच्या रासायनिक विघटनाची पार्श्वभूमी

लिग्नाइट, म्हणजे कमी पक्व झालेला तपकिरी कोळसा, कोणत्याही विद्रावकात पुरता विरघळत नाही आणि जेवढा विरघळतो, तेवढ्यावरून उरलेल्या रेणूंच्या जाळ्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून तो आधी तोडायचा आणि तुकड्यांवरून मूळ रचना ताडायची, ही पद्धत पडली. दोन महायुद्धांच्या दरम्यान हे काम अल्कलीयुक्त परमँगनेट या ऑक्सिडीकारकाने चाले. त्यातून बेंझीनची कार्बोक्सिलिक आम्ले निघत आणि कोळसा बेंझीनसारख्या कार्बन-वलयांचा बनलेला आहे याला तोच पुरावा धरला जाई.

खरी गोची या पुराव्यातच आहे. समजा, थॅलिक आम्ल (बेंझीनच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन आम्लगट असलेले) मिळाले. मग कोळशात शेजारी-शेजारी दोन शाखा असलेले बेंझीनचे वलय होते, की नॅफ्थलीनच्या जोडवलयातले एक वलय जळून दुसरे उरले? आम्ल दोन्हीकडून तेच. लिग्नाइटमध्ये पंचाईत आणखी मोठी, कारण फिनॉल गटाची वलये ऑक्सिडीकरणात सहज फुटतात आणि त्यांचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. लिग्निनचा (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या घटकाचा) वारसा सांगणारी हीच वलये उत्पादनांच्या यादीत दिसत नाहीत. यादी कितीही लांब असली, तरी कार्बनचा ताळेबंद जुळत नसेल तर तिच्यावरून रचनेचे चित्र काढणे धाडसाचेच.

1980 च्या दशकात रुथेनियम-उत्प्रेरित ऑक्सिडीकरणाने डाव उलटवला. आता वलये जळू लागली आणि साखळ्या वाचू लागल्या. वलयावरच्या मिथिल गटातून ॲसिटिक आम्ल येते, दोन वलयांमधल्या दोन कार्बनांच्या पुलातून सक्सिनिक आम्ल. मात्र तो पूल मोकळा होता की तिसऱ्या वलयाचाच भाग होता, हे सक्सिनिक आम्ल सांगत नाही. म्हणजे जुनाच प्रश्न नव्या ठिकाणी उभा राहिला.

पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, सोडियम हायपोक्लोराइट आणि एस्टर-ईथर बंध तोडणारे मिथेनॉल, अशी वेगवेगळी हत्यारे वापरात आली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घन-अवस्थेतील एनएमआरमुळे (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून रचना ओळखण्याच्या तंत्रामुळे) कोळसा न तोडताही पडताळा घेता येऊ लागला.

गेल्या दोन-अडीच दशकांत उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान अतिशय बारकाईने मोजणाऱ्या यंत्राने, बाकी सगळे झाकोळून टाकले आहे. एक ऑक्सिजन आणि एक कार्बन-चार हायड्रोजन यांच्या वस्तुमानात फरक जेमतेम 0.0364 एककाचा. ऑक्सिजनने लडबडलेल्या लिग्नाइटमध्ये तो ओळखता आल्यामुळे हजारो रेणुसूत्रे हाती लागली. पण सूत्र एक असले तरी त्यामागे अनेक समघटक, म्हणजे त्याच सूत्राचे पण वेगळ्या रचनेचे रेणू, असू शकतात. शिवाय ऋण इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (रेणूंना ऋण भार देऊन यंत्रात सोडण्याच्या पद्धतीत) आम्ले ठळक दिसतात, तर निव्वळ हायड्रोकार्बने जवळजवळ दिसतच नाहीत.