वसाहत आणि आउटपोस्ट: ‘बेकायदा’ कोणत्या कायद्याने?

इस्रायली सैन्याने वेस्ट बँकमधील एखादी टेकडी रिकामी केली की आपल्याकडे ‘इस्रायलने बेकायदा वसाहत हटवली’ असा मथळा हमखास छापून येतो आणि वसाहतींचे धोरणच मागे घेतले जात असल्याचा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात हटवलेले असते ते आउटपोस्ट.

वसाहत सर्वांना परिचित आहे. १९६७ च्या युद्धात ताब्यात आलेल्या प्रदेशात इस्रायली सरकारच्या निर्णयाने वसवलेली, मंजूर आराखडा असलेली ती वस्ती असते. माले अदुमीम आणि एरिएल तर चक्क शहरे आहेत. आउटपोस्टला असा सरकारी निर्णय नसतो. १९९० च्या दशकापासून टेकड्यांवर दोन-चार कॅरॅव्हान, पाण्याची टाकी आणि जनरेटर एवढ्या भांडवलावर अशी ठाणी उभी राहू लागली. लोकसंख्येवरून दोन्ही ओळखण्याचा प्रयत्न करू नये, तो फसतो.

खरी गफलत ‘बेकायदा’ या विशेषणात आहे. चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४९ नुसार कब्जेदार सत्तेला आपले नागरिक व्याप्त प्रदेशात वसवता येत नाहीत, आणि हे कलम वसाहत व आउटपोस्ट असा भेद करत नाही. सुरक्षा परिषदेचा २०१६ चा ठराव २३३४ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाची २००४ व २०२४ ची मते याच बाजूची आहेत. इस्रायलला हे मान्य नाही. त्याच्या मते हा प्रदेश व्याप्त नसून वादग्रस्त आहे, म्हणून सरकारने मंजूर केलेली वसाहत कायदेशीर आणि मंजुरीविना उभे राहिलेले आउटपोस्ट तेवढे बेकायदा. त्यामुळे केवळ आउटपोस्टला बेकायदा म्हणणारा बातमीदार, बहुधा नकळत, इस्रायली सरकारचीच वर्गवारी स्वीकारत असतो. कोणत्या कायद्याने, हे सांगायचे नसेल तर हे विशेषण वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बरे, इस्रायली कायद्यातली ही भिंतही फारशी भक्कम नाही. पंतप्रधान शेरॉन यांच्याच सांगण्यावरून माजी सरकारी वकील तालिया सासोन यांनी २००५ मध्ये दिलेल्या अहवालात, गृहनिर्माण मंत्रालयासह अनेक सरकारी यंत्रणांनी या ‘अनधिकृत’ ठाण्यांना पैसा आणि सुविधा पुरवल्याचे नमूद आहे. पॅलेस्टिनींच्या खासगी जमिनीवरचे अमोना हे आउटपोस्ट न्यायालयाच्या आदेशाने २०१७ मध्ये रिकामे झाले, तर तिथल्या रहिवाशांसाठी सरकारने अमिखाई ही नवीन, रीतसर वसाहत वसवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ आउटपोस्टना एकाच निर्णयात मान्यता देण्यात आली. आपल्याकडची गुंठेवारी नियमित होते, तसाच हा प्रकार. मात्र इथे नियमित करणारी सत्ता त्या भूमीवर लष्करी ताब्याच्या जोरावर आहे.

शांततेच्या वाटाघाटींतही दोहोंचे वजन वेगळे आहे. २००३ च्या ‘रोडमॅप’ने, म्हणजे अमेरिका व तिच्या साथीदारांनी मांडलेल्या शांतता आराखड्याने, मार्च २००१ नंतरची आउटपोस्ट्स हटवायला सांगितले होते आणि वसाहतींची वाढ, नैसर्गिक वाढीसह, गोठवायला. १९६७ पूर्वीच्या सीमेलगतचे मोठे वसाहतगट जमिनीच्या अदलाबदलीत इस्रायलकडे ठेवता येतील, असे गृहीत धरूनच आजवरचे बहुतेक नकाशे काढले गेले. आत खोलवरच्या टेकड्यांवरील आउटपोस्ट्स या हिशेबात बसत नाहीत. गुरेचराईची नवी ठाणी तर मूठभर माणसे आणि एका कळपाच्या बळावर आसपासची कुरणे पॅलेस्टिनी मेंढपाळांना बंद करून टाकतात, त्यामुळे लोकसंख्येच्या तक्त्यात त्यांचा परिणाम दिसतच नाही.

म्हणून आउटपोस्ट हीच मुख्य अडचण आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम मंजुरी मिळालेला ई-१ हा घरबांधणीचा वसाहत प्रकल्प माले अदुमीमला लागून आहे. तो पूर्ण झाला तर पूर्व जेरुसलेम आपल्या पॅलेस्टिनी परिसरापासून तुटेल आणि रामल्ला ते बेथलेहेम हा सलग पट्टा मध्येच खंडित होईल. त्यात एकही चोरटी कॅरॅव्हान नाही. आराखडे, हरकती, सुनावण्या, सह्या, असे सगळे इस्रायली नियमांनुसार यथासांग पार पडले आहे.