कपाटातली दुसरी प्रत

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती बडोद्यात शिरली, तेव्हा माझ्या मावशीच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. संगणक टेबलाखाली, बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. घरातले सगळे फोटो आणि आजोबांच्या मोडी पत्रांचे स्कॅन एका रात्रीत गेले. मूळ पत्रांना आधीच कसर लागली होती. “अरे, मी तर दोन ठिकाणी ठेवलं होतं,” मावशी म्हणत राहिली. तिने ठेवलं होतं दोन वस्तूंत, ठिकाण मात्र एकच होतं.

हार्ड डिस्क पाण्याला इतकी का भिते? आत चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावर वाचणारं डोकं हवेच्या उशीवर, पृष्ठभागापासून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपला एक केस जाडीला हजारो नॅनोमीटर भरतो, म्हणजे गाळाचा बारीकसा कणही तिथे दगडच. त्यातून, हवा भरलेल्या साध्या डिस्कला आतबाहेरचा दाब सारखा ठेवण्यासाठी गाळणी लावलेलं एक छिद्र असतं आणि पुराचं पाणी त्यातूनच आत जातं. म्हणून भिजलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून कधीही लावू नये. तशीच न लावता माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. मावशीच्या शेजाऱ्याने मदत म्हणून डिस्क लावून पाहिली, आणि उरलीसुरली आशाही संपली.

मग एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारं साधन, घ्यावं का? रोजच्या कामाला जरूर. ती वेगवान असते, तिच्यात फिरणारं काही नसतं, पडली तरी सहसा वाचते. पण तिची माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार, आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपत जातो. उष्णतेत जास्तच लवकर. चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट अशी, की लिहिण्याची ठरलेली क्षमता वापरून झाल्यावरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला माहिती एक वर्ष टिकावी. बडोद्याचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मी आजही फिरणारी डिस्कच घेईन, आपल्या माहितीच्या दुप्पट क्षमतेची. एक टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसली तर फसवणूक झाली असं समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

डिस्क जाण्याआधी खूण देईल या भरवशावर मात्र राहू नका. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्वतःच्या तपासणी-नोंदींत कुठलीच पूर्वसूचना दिली नव्हती.

छायाचित्रकारांमुळे रूढ झालेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. यातला शेवटचा भाग आपण नेहमी टाळतो. बडोदेकरांनी तरी टाळू नये. इथल्याच प्राच्य विद्यामंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली, ती शारदा, नेवारी, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींतल्या, काश्मीर-नेपाळपासून केरळपर्यंतच्या पोथ्या ताडून. मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. नकला दूरदूर राहिल्या म्हणून ग्रंथ राहिला.

बॅकअप झाला की वायर काढून ठेवा. जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकासोबतच कुलूपबंद करतो. नुसत्या सिंक होणाऱ्या, म्हणजे दोन ठिकाणी आपोआप सारख्या राहणाऱ्या, फोल्डरवरही विसंबू नका, कारण इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या प्रतीतल्या चार फाइल खरोखर उघडून बघा.

मावशीकडे आता दोन डिस्क आहेत. एक तिच्याकडे, एक पुण्याला मामेभावाकडे, दर दिवाळीत अदलाबदल. त्याच्या जुन्या ईमेलमध्ये आजोबांची अकरा पत्रं सापडली, कधीतरी वाचून दाखवायला म्हणून तिनेच पाठवलेली. दोन्ही डिस्कवर पहिलं फोल्डर त्यांचंच आहे.