आरसी गाड्यांचे बदली स्क्रू

रिमोटवर चालणाऱ्या छंदाच्या गाड्या, म्हणजे ज्यांना सगळे आरसी कार म्हणतात, त्या जत्रेतल्या खेळण्यासारख्या बिघडल्या की फेकून द्यायच्या नसतात, त्या उघडायच्या, धुवायच्या, तुटलेला पार्ट बदलायचा आणि परत जोडायच्या असतात. हे सगळं चालतं स्क्रूवर. कंपनीने दिलेले स्क्रू झिजले, गंजले, वाकले किंवा त्यांचं डोकं गेलं की त्यांच्या जागी जे घालतात ते बदली स्क्रू. १/१० स्केलच्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) गाड्यांत बहुतेक स्क्रू ३ मिमीचे म्हणजे एम३ असतात, १/८ मध्ये एम४ बऱ्यापैकी दिसतात, आणि १/१८, १/२४ सारख्या चिमुकल्या गाड्यांत एम२ नि एम२.५, जे हातातून निसटून फरशीवर पडले की संध्याकाळ तिथेच संपली समजा.

स्क्रू मरतो कसा

टिकाऊ म्हटलं की लोक आधी कडक स्टील शोधायला लागतात, आणि इथेच गडबड होते. साधा हिशोब करून बघा. एम३ स्क्रूच्या आट्यांमधला ताण घेणारा छेद ५.०३ चौरस मिमी धरतात. १२.९ ग्रेडचं स्टील (हे आकडे पुढे उलगडतो) घेतलं तर तो सरळ ओढून तोडायला ६०० किलोपेक्षा जास्त जोर लागतो, स्टेनलेसच्या ए२-७० ला साडेतीनशे किलोच्या आसपास, आणि अगदी सामान्य ४.८ ग्रेडचा स्क्रूसुद्धा दोनशे किलोच्या वर टिकतो. गाडी अख्खी दोन-तीन किलोची! म्हणजे ओढून तुटण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. स्क्रू जातो तो वेगळ्याच वाटांनी. एक तर डोक्यातलं षटकोनी भोक गोल होतं, नाहीतर आडवा धक्का बसून तो वाकतो किंवा कापला जातो, नाहीतर तो स्वतः ठणठणीत असतो पण ज्या प्लास्टिकमध्ये बसलाय त्याचे आटे मरतात. म्हणून कुठला स्क्रू सगळ्यात मजबूत हे विचारण्याआधी तो कुठे बसणार आहे आणि तिथे आधीचा कसा मेला ते बघावं, उत्तर त्यातच असतं.

डोकं आणि चावी

सगळ्यात जास्त स्क्रू डोक्यामुळे बाद होतात आणि त्याला कारण निव्वळ भूमिती आहे. एकाच एम३ मापात उंच दंडगोल डोक्याच्या कॅप हेडला २.५ मिमीची ॲलन की लागते, घुमटीसारख्या बटन हेडला आणि पृष्ठभागात बुडणाऱ्या काउंटरसंकला (आपल्याकडे दुकानात सीएसके म्हणतात) २ मिमीची, आणि बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला फक्त १.५ मिमीची. आटे तेच, पकडायला मिळणारी जागा मात्र कमी कमी होत जाते, वर बटन आणि सीएसके यांचं भोक उथळही असतं. त्यामुळे जिथे डोक्याला उंचीची जागा आहे तिथे बटन काढून कॅप हेड लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी बदल आहे, शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर अडकवायची उभी पट्टी), गिअरबॉक्सचं झाकण, सर्व्होचे (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचे) कान, सगळीकडे चालतो. चेसिसच्या तळाला तो चालत नाही, तिथे डोकं बाहेर आलं तर दगडावर घासून एक बॅटरी संपेपर्यंत सपाट होईल, तिथे सीएसकेच हवा. आणि तळाच्या त्या उथळ भोकात माती ठासून बसते, चावी घालायच्या आधी टाचणीने किंवा जुन्या डेंटल पिकने ती काढायची, नाहीतर चावी अर्धीच आत जाते आणि भोक गोल झालं की आपण स्क्रूला शिव्या घालतो.

चावी स्क्रूइतकीच महत्त्वाची, किंबहुना थोडी जास्तच. किटबरोबर पिशवीत येणारी वाकडी एल की एक-दोन वेळा वापरून फेकून द्यावी. स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चिनची हुडी, कॅलिफोर्नियाची एमआयपी यांचे ड्रायव्हर रेसवाले वापरतात आणि त्यांची टोकं मापात असतात, महाग आहेत हे खरंच. तेवढं जमत नसेल तर टपारियाच्या (कारखाना आपल्या नाशिकचाच) साध्या ॲलन की घ्या आणि टोक झिजलं की दोन मिलिमीटर घासून सपाट करा, परत नवी कोर मिळते. गोळीच्या टोकाची म्हणजे बॉल एंड चावी फक्त तिरक्या जागी आणि ढिला झालेला स्क्रू फिरवायला, घट्ट बसलेला स्क्रू तिने सोडवायला गेलात तर स्क्रू तरी जाईल नाहीतर चावीचा गोळा तुटून आत राहील. हे षटकोनी भोक घराघरात पोचवलं अमेरिकेत हार्टफर्डच्या विल्यम ॲलनने, त्याचं पेटंट १९१० चं, म्हणून नाव ॲलन की.

क्रॉस खाच असलेल्या स्क्रूंची गोष्ट वेगळी. शिझुओकाच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली आरसी गाडी काढली आणि १९८४ च्या ग्रासहॉपर, हॉर्नेटसारख्या गाड्यांनी जगभर पोरांना वेड लावलं, त्या गाड्यांत क्रॉस खाचेचे जपानी स्क्रू असतात. दिसायला फिलिप्ससारखेच पण खाच जेआयएस म्हणजे जपानी मापाची, त्यात आपला घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर पूर्ण खाली बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो त्यावरून ओळखता येतं. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घेतला की निम्म्या तक्रारी बंद. षटकोनी डोक्याचे बदलून घ्यायचे असले तरी आधी काढलेला स्क्रू बघा, प्लास्टिकमध्ये बसणारा सेल्फ टॅपिंग (स्वतःचे आटे स्वतःच कापणारा) असेल, आटे लांब लांब आणि धारदार, तर त्याच्या जागी बारीक आट्यांचा एम३ मशीन स्क्रू घातला की आधी कापलेले आटे उद्ध्वस्त होतात. षटकोनी डोक्याचे सेल्फ टॅपिंगही मिळतात, तेच घ्यावे.

धातू

ग्रेडचे आकडे वाचायला सोपे आहेत. १२.९ मधला १२ म्हणजे तुटायची ताकद सुमारे १२०० मेगापास्कल, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. १०.९, ८.८ तसेच वाचायचे. गंमत अशी की डोक्यावर ग्रेड छापायची सक्ती मानकात एम५ पासून पुढे आहे, त्यामुळे एम३ च्या कोऱ्या डोक्याकडे बघून काही कळत नाही आणि काळा दिसतो म्हणजे १२.९ असंही नाही, काळा रंग कुठल्याही लोखंडावर चढतो. घरची परीक्षा म्हणजे एक स्क्रू व्हाइसमध्ये धरून चांगल्या चावीने मुद्दाम जास्त पिळायचा, भोक लोण्यासारखं गोल झालं तर अख्खी पिशवी परत.

काळ्या १२.९ चा फायदा हा की भोकाच्या कडा कडक राहतात, चावी घसरत नाही. तोटा गंज. त्यावरचा काळा थर नावापुरता असतो, तेल पुसलं गेलं की पावसाळ्यात दोन दिवसांत लाल होतो. मग झिंक प्लेटिंग का नाही करत, तर इतक्या कडक स्टीलवर विद्युत प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि स्क्रू ठिसूळ होऊन कधीतरी आपसूक डोकं टाकतो, म्हणून चकचकीत प्लेटिंगचा १२.९ स्वस्तात मिळाला तर जरा संशय घ्यावा.

स्टेनलेस म्हणजे बहुतेक वेळा ए२, बाजारातलं ३०४. गंजत नाही, पण मऊ आहे, भोक लवकर गोल होतं आणि स्टेनलेस नटात स्टेनलेस स्क्रू कोरडा पिळला तर दोघं एकमेकांना चिकटून बसतात, मग कापण्याशिवाय इलाज नाही, थेंबभर ग्रीस लावलं तर टळतं. पाणी-चिखलातून जाणाऱ्या क्रॉलरला (दगडधोंड्यांवरून सावकाश चढणाऱ्या गाडीला) स्टेनलेस उत्तम. कोकणात पुळणीवर गाडी चालवणाऱ्यांना ए४ म्हणजे ३१६ बरं, मात्र ॲल्युमिनियमच्या पार्टमध्ये स्टेनलेस आणि वर खारं पाणी असं जमलं की गंजतं ते ॲल्युमिनियम, तेव्हा घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं सुटत नाही.

टायटॅनियम (ग्रेड ५) स्टीलपेक्षा जवळजवळ ४४ टक्के हलकं, ताकद १०.९ च्या किंचित खाली, गंज शून्य, किंमत बघून मात्र घाम फुटतो. रेसमध्ये ग्राम मोजणाऱ्यांसाठी ठीक आहे. रंगीत ॲल्युमिनियमचे स्क्रू दिसायला भारी पण ते बॉडी पोस्ट (वरचं कवच अडकवायचे खांब), पंख्याचं जाळं असल्या जागीच ठेवा.

आता वाकण्याबद्दल. सस्पेन्शनच्या हाताचा (आर्मचा) किंवा स्टीअरिंग नकलचा (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा) स्क्रू आडवा मार खातो. तिथे १२.९ घातला की तो वाकायला तयार नसतो, अगदीच हद्द झाली तर फारसा न वाकता कट्कन तुटतो, आणि तुटलाच नाही तर धक्का पुढे सरकतो आणि अख्खा आर्म किंवा तो जिथे चेसिसला जोडतात ते बल्कहेड फुटतं. थोडा मऊ स्क्रू वाकतो, सरळ काढून नवा घालता येतो. घरच्या फ्यूजसारखं आहे हे, फ्यूजच्या जागी जाड तार लावणारा माणूस आणि प्रत्येक जागी १२.९ भरणारा माणूस एकाच जातीचा. शिवाय जिथे स्क्रूच बिजागरीची दांडी म्हणून वापरलाय तिथे आट्यांवर आर्म फिरून भोक खातो, तिथे बदली घेताना मधला भाग गुळगुळीत असलेला स्क्रू पिनच हवा, पूर्ण आट्यांचा नको.

पिनियन गिअरचा (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा) ग्रब स्क्रू या एकाच जागी मात्र कडक तो चांगला, यात तडजोड नाही. १.५ मिमीचं भोक, मोटरच्या ३.१७ मिमी शाफ्टवर सगळा टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि मोटर तापते. कडक स्टीलचा, टोकाला वाटीसारखी खोलगट धार असलेला घ्या, शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा, निळा थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सुटू न देणारा डिंक) लावा, आणि दर दोन-तीन उघडण्यांनंतर नवा घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

प्लास्टिक आणि थ्रेडलॉक

निळा थ्रेडलॉक (लॉक्टाइट २४३ किंवा तसला) धातूत धातू असेल तिथेच लावायचा. तो हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो, प्लास्टिकच्या भोकात तो नीट धरतच नाही, उलट पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला तडे पाडतो. याचा शोधही त्याच हार्टफर्डचा, तिथल्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये लावलेला, म्हणजे स्क्रू पिळायची चावी आणि तो सुटू न देणारा डिंक दोन्ही एकाच गावचे. लाल थ्रेडलॉक आरसीत नकोच, तो सोडवायला अडीचशे अंशांच्या वर तापवावं लागतं आणि तोवर बाजूचं प्लास्टिक वितळलेलं असतं.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा, टक् करून तो जुन्या आट्यात पडल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा पिळायचा. ही एक सवय कुठल्याही महागड्या स्क्रूपेक्षा जास्त टिकाऊपणा देते, आणि प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रिक ड्रायव्हर शेवटपर्यंत चालवला तर ती वायाही जाते. आटे गेलेच तर दोन-चार मिलिमीटर लांब स्क्रू घालून बघा, खाली न वापरलेलं प्लास्टिक असतं. तेही नसेल तर भोकात झिप टायचा पातळ तुकडा घालून पिळतात, कायमचा इलाज म्हणजे पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) सोल्डरिंगने तापवून बसवणं.

मापं आणि बाजार

लांबी मोजताना सीएसके डोक्यासकट मोजतात, बाकीचे डोक्याच्या खालून. ३×१० लिहिलेलं बघून दोन्ही सारखे समजलात तर फसाल. सगळ्यात महागडी चूक मोटरच्या स्क्रूत होते. ५४० मोटरला (या गाड्यांतल्या नेहमीच्या मापाच्या मोटरला) २५ मिमी अंतरावर एम३ ची दोन भोकं असतात, त्यात लांब स्क्रू घातला की तो आत वाइंडिंगपर्यंत म्हणजे तारेच्या गुंडाळीपर्यंत पोचतो आणि मोटर जळते. मी स्वतः हे करून बसलोय, वॉशर विसरलो एवढंच निमित्त.

जुन्या अमेरिकन गाड्यांत, उदाहरणार्थ टीम असोसिएटेडची १९८४ ची आरसी१०, इंची स्क्रू असतात. तिथला ४-४० स्क्रू २.८४ मिमीचा, एम३ च्या इतका जवळचा की हातात घेतल्यावर फरक कळत नाही, पण आटे इंचाला ४० म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.६३५ मिमी आणि एम३ ची पिच ०.५, दोन फेऱ्या जातो मग अडतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेले. त्यात अमेरिकन काउंटरसंकचा कोन ८२ अंश आणि मेट्रिकचा ९०, त्यामुळे डोकंही खळग्यात पूर्ण टेकत नाही.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे सुटे स्क्रू आरसीच्या पाकिटापेक्षा बरेच स्वस्त पडतात. जाताना जुना नमुना न्या, "एचटी ॲलन, एम३ बाय १०, कॅप" असं सांगा (एचटी म्हणजे हाय टेन्साइल, कडक स्टीलचा), कारण तिथे अजून सुतात बोलणारे दुकानदार आहेत आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, एम३ मागितला आणि एक सुताचा आला असं होऊ शकतं. एम२ च्या खाली मात्र हार्डवेअरवाल्यांकडे फारसं काही मिळत नाही, ते ऑनलाइन. गाडीच्या नावाचे तयार बॉक्स सोयीचे असले तरी त्यात ग्रेड लिहिलेला नसेल तर ती सोयच विकत घेताय हे लक्षात ठेवा.

अडकलेला स्क्रू

डोकं गोल झालेला स्क्रू काढताना आधी सोल्डरिंगचं टोक अर्धा मिनिट डोक्यावर टेकवून आतला थ्रेडलॉक मऊ करायचा. मग किंचित मोठा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट हातोडीने हलकेच ठोकून भोकात बसवायचा आणि सावकाश उलटा फिरवायचा, बहुतेक वेळा इथेच सुटतो. नाहीतर ड्रेमेलच्या (हातातल्या छोट्या ग्राइंडरच्या) चकतीने डोक्यावर खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर लावायचा. तेही नाही जमलं तर ३ मिमीपेक्षा थोड्या जाड ड्रिलने डोकंच उडवायचं, डोकं गेलं की ताण संपतो, पार्ट वर उचलून निघतो आणि खाली उरलेला आट्यांचा दांडा पक्कडीत धरला की पुष्कळदा चिमटीच्या जोरानेही फिरतो.