उंच गाडीतून सगळंच दिसतं का?

"मोठी गाडी घ्या, उंचावरून सगळा रस्ता दिसतो, आतलेही सुरक्षित, बाहेरचेही" असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उंच सीटवरून लांबचं चांगलं दिसतं. अडचण अगदी नाकासमोरची आहे.

समजा, डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर आहेत. बॉनेटची पुढची कडा १.१ मीटर उंच आणि डोळ्यांपासून २ मीटर पुढे. मग बॉनेटपुढची सुमारे ४.४ मीटर जमीन चालकाला दिसतच नाही. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पिशवी उचलायला वाकलेली बाई किंवा आईचं बोट सुटलेलं पोर या जागेत बॉनेटच्या अगदी जवळ असेल तर सहज झाकलं जातं.

धडकेचं गणितही वेगळं. बुटक्या गाडीचा मार बहुधा पायांना बसतो, माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी छातीवर आदळते, लहान मुलाच्या तर डोक्यावर; माणूस पुढे फेकला जाऊन चाकाखाली येण्याची भीती वाढते. स्कूटरवाल्याला वजनाचा दणका बसतो तो निराळाच.

अंगणात करून बघा. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. तुम्ही चालकाच्या सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला बॉनेटसमोर बादली ठेवायला सांगा. ती अख्खी दिसेपर्यंत पुढे पुढे सरकवत न्यायची, मग पावलं मोजायची. कॅमेरा असेल तर मदत होते, पण तो चालू आहे का तेही तेव्हाच कळेल. शिवाय वळणावर पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकू येतो, पण त्याची सायकल मात्र काचेशेजारच्या खांबाआड असते.