सुरवंट हस्तकला

सुरवंट हस्तकला : गोष्टीच्या पुस्तकात भेटलेला सुरवंट लहान मुलांनी कागद, पुठ्ठा, लोकर, कापड किंवा माती यांतून स्वतःच्या हातांनी घडवण्याचा उपक्रम. साधारणपणे 2 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी तो घेतला जातो. गोष्ट आधी आणि हस्तकला नंतर, हा क्रम त्यात फार मोलाचा आहे. गोष्ट ऐकलेले मूल नुसता किडा करायला बसत नाही. त्याचा सुरवंट भुकेलेला असतो, त्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचे असते.

काटेकोर मराठीत केसाळ असतो तो सुरवंट आणि गुळगुळीत असते ती अळी. बालपुस्तकांत दोघांनाही सुरवंटच म्हणतात. हस्तकलेत मात्र हा भेद आपोआप उमटतो : लोकरीचे गोंडे ओवले की सुरवंट तयार होतो, घोटीव कागदाच्या चकत्या चिकटवल्या की अळी.

कागदाच्या घड्या घालणे, कातरणे, विणणे, मातीकाम अशा हातांच्या कामांना बालशिक्षणात मानाचे स्थान दिले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी. 1837 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संस्थेतूनच पुढे किंडरगार्टनची कल्पना वाढली. सुरवंट या कामांत लोकप्रिय झाला तो मुख्यतः अमेरिकन चित्रकार एरिक कार्ल यांच्या 1969 मधील ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या चित्रपुस्तकामुळे. पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोके पाडताना त्यांना ही कल्पना सुचली. आधी गोष्टीचा नायक पुस्तके खाणारी कसर ही कीड होती. संपादिकेच्या सूचनेवरून त्या कसरीचा सुरवंट झाला. रंगवलेला पातळ टिश्यू पेपर कापून चिकटवणे ही कार्ल यांची चित्रपद्धती, आणि ती मुलांनाही जमण्यासारखी असल्याने पुस्तकातून वर्गात सहज उतरली.

सुरवंट इतका सोयीचा का, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. डोक्यामागे त्याच्या शरीराचे 13 खंड असतात आणि ते बरेचसे एकसारखे दिसतात. म्हणजे मुलाला एकच साधी कृती पुन्हापुन्हा करायची असते : एक गोल, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. हत्ती किंवा घोडा काढताना एक पाय चुकला की सगळे चित्र बिघडल्यासारखे वाटते. सुरवंटाचा एक गोल लहान-मोठा झाला, तर तो फक्त जरा जास्त वळवळतो. कात्री नुकतीच हातात धरलेल्या मुलासाठी ही सवलत फार मोठी आहे. हिरवा-पिवळा, हिरवा-पिवळा असा रंगांचा क्रम लावताना आकृतिबंधाची समज येते, गोल मोजताना आकडे येतात.

सर्वांत लहान मुलांसाठी ठसेकाम उत्तम. बोट रंगात बुडवून कागदावर ओळीने उमटवायचे. ठसे एकमेकांना टेकले की झाला सुरवंट. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेची एक रांग कापून उलटी ठेवली, तर खंड आयतेच मिळतात. ही कापणी मोठ्यांनी करून द्यावी. जुना मोजा कापसाने भरून ठिकठिकाणी दोऱ्याने आवळला की मऊ सुरवंट होतो. कपड्यांच्या चिमट्यावर गोंडे चिकटवण्याचा प्रकारही प्रचलित आहे.

घडीकामातला सुरवंट थोड्या मोठ्या मुलांचा, आणि सगळ्यांत जिवंत. दोन रंगांच्या पट्ट्यांची टोके काटकोनात चिकटवून त्या आलटून पालटून एकमेकींवर दुमडत जायच्या. शेवटी स्प्रिंगसारखे लांबणारे-आखडणारे अंग तयार होते. त्याहून सोपे म्हणजे एकाच अरुंद पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून ती टेबलावर ठेवायची आणि मागून स्ट्रॉने फुंकर मारायची. पट्टी पाठ उंचावत पुढे सरकते. शेतकरी जिला उंटअळी म्हणतात तिची चाल अशीच असते : मधल्या भागात पाय कमी असल्याने ती शरीराची कमान करून मागचा भाग पुढे ओढते. पहिल्यांदा पट्टी सरकते तेव्हा मुलांचा जो कल्लोळ होतो, त्यासाठी तरी हा प्रकार करून पाहावा.

पानांवर पंचिंग मशीनने भोके पाडून सुरवंटाने ‘खाल्लेली’ पाने करता येतात. त्याच भोकांतून लोकर ओवली की दोन्ही हातांचा मेळ साधण्याचा सराव होतो.

खऱ्या सुरवंटाला छातीवर पायांच्या 3 जोड्या असतात आणि मागे आखूड, मांसल पायांच्या कमाल 5 जोड्या; डोक्याच्या प्रत्येक बाजूला बहुधा 6 साधे डोळे असतात. लांब शिंगांसारख्या मिशा आणि दोन टपोरे डोळे ही चित्रकारांची देणगी. ती काढून घेऊ नये. मात्र जवळ भिंग आणि खरी अळी असेल, तर मुलांना फरक स्वतःच शोधू द्यावा. कोशाबाबतही असेच. बहुतेक फुलपाखरांच्या कोशावर रेशमाचे वेष्टन नसते, ते बऱ्याच पतंगांच्या कोशावर असते. मराठीत दोन्हींना ‘कोश’ म्हणून भागते, पण कापसात गुंडाळलेला कोश करताना हे सांगायला हवे.

3 वर्षांखालील मुलांबरोबर मणी, बटणे, चिकटवायचे डोळे आणि लहान गोंडे टाळावेत. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारी वस्तू गिळण्याच्या, घशात अडकण्याच्या धोक्याची मानतात. चिकटवायला पिठाची खळ पुरते, कात्री बोथट टोकाची असावी.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मोठ्यांनी आधीच सुबक नमुना करून समोर ठेवणे. मग वर्गातले सगळे सुरवंट एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात आणि मूल स्वतःच्या गोलांऐवजी नमुन्याकडेच बघत राहते. साहित्य मांडून गोष्ट पुन्हा एकदा वाचणे एवढे पुरे. कोणाचा सुरवंट तीन गोलांचा होतो, कोणाचा कागदाबाहेर जातो. बाहेर गेला तर दुसरा कागद जोडून द्यावा.