मुंबई बेटाचे ऊर्जानियोजन

मुंबई बेटाचे ऊर्जानियोजन : कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर बेटाला आणि त्याला जोडून वाढलेल्या उपनगरांना लागणारी वीज व इंधन कोठून आणायचे, ते किती वापरायचे आणि कोळशावरचा भार कसा उतरवायचा, याची महानगरपालिकेच्या पातळीवरची आखणी. डेन्मार्कमधील सामसो बेटाने जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभारून आपली वीज आपणच निर्माण केली, तेव्हापासून बेटांचे ऊर्जानियोजन म्हटले की हेच उदाहरण पुढे केले जाते. मुंबईला ते लागू पडत नाही. सात बेटांमध्ये भराव घालून तयार झालेले शहर बेट जेमतेम ६८ चौ. किमी.चे आहे आणि तेथे गाडी उभी करायलाही जागा मिळत नाही, तर वीज कोठे निर्माण करणार? येथील स्थानिक संस्थेपुढचा प्रश्न म्हणूनच वेगळा आहे : वीज बाहेरून येते, दर दुसरेच कोणी ठरवते, मग पालिकेच्या हातात उरते काय?

एकेकाळी स्थिती वेगळी होती. क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले; ते लावणारी कंपनी मात्र लवकरच बुडाली आणि शहर पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तिने वाडीबंदरला आणि पुढे माझगावच्या कुसारा येथे स्वतःची वीजकेंद्रे चालवली. म्हणजे काही वर्षे शहर बेटाची वीज बेटावरच निर्माण होत असे. गिरण्यांची भूक त्याने भागणारी नव्हती. टाटांनी सह्याद्रीत पाणी अडवून खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रे उभारली. मुंबईच्या विजेचा इतिहास ‘स्वच्छ’ म्हणून सांगताना ही केंद्रे अभिमानाने पुढे केली जातात. मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी या धरणांपैकी एकाखाली गेल्या, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि पां. म. बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली, हे त्याच दमात सांगायला हवे. मुंबईची वीज तेव्हापासून दुसऱ्याच्या अंगणातून येते. राज्यात दहा-बारा तासांचे भारनियमन चालू असतानाही शहराला त्याची झळ बसली नव्हती.

१९४७ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी पालिकेने ताब्यात घेतली आणि ‘बेस्ट’ उपक्रम अस्तित्वात आला. शहर बेटावरील सुमारे १० लाख ग्राहकांना बेस्ट वीज देते, पण स्वतः निर्माण करत नाही. मोठा हिस्सा टाटा पॉवरकडून विकत घेते. उपनगरांत अदानी आणि टाटा, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण. दर आणि अपारंपरिक वीज खरेदीचे बंधन राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. एकाच पालिकेच्या हद्दीत इतके वीजवितरक असल्याने ‘मुंबईची वीज’ असा एकच हिशेब मांडणेही अवघड जाते. बेस्टच्या बिलावर कित्येक वर्षे ‘परिवहन तूट वसुली’ असा आकार असे : बसचा तोटा विजेच्या ग्राहकाकडून भरून काढायचा. बसने जाणाऱ्यांचे भाडे त्यामुळे आवाक्यात राहिले, हे खरे. पण वीजजाळे सुधारण्यासाठी हाताशी काय राहिले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातील ४०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या वाहिन्या बंद पडत गेल्या आणि मुंबई महानगर अंधारात गेले. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी शहराला राज्याच्या जाळ्यापासून तोडून ट्रॉम्बे व डहाणूची औष्णिक केंद्रे आणि सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रे यांच्या बळावर चालू ठेवण्याची ‘आयलंडिंग’ ही व्यवस्था १९८०च्या दशकापासून होती. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण शहराच्या आतली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी पडली. बाहेरची वीज स्वस्त म्हणून आतली केंद्रे कमी क्षमतेने चालवायची, हा जमाखर्च एरवी बरोबर दिसतो; त्या दिवशी तो अंगावर आला. या घटनेनंतर बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांच्या कामांना वेग आला; खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. शाश्वत ऊर्जेच्या दृष्टीने या वाहिन्यांचे महत्त्व सौर पॅनेलांपेक्षा कमी नाही. राजस्थान-कच्छकडील सौर वीज कितीही विकत घेतली, तरी ती खाडी ओलांडून आत यायला तार हवीच.

पालिकेचा मुंबई वातावरण कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढा शोषला जाणे) हे त्याचे उद्दिष्ट असून २०१९च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घट करायची आहे. त्यातील हिशेबानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेचा. वाहतुकीचा साधारण पाचवा हिस्सा आणि उरलेला कचऱ्याचा. आराखडा जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी, ७ मार्चला, पालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली होती. पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवकांनी ज्यावर आपापल्या प्रभागापुरते भांडायचे, असा हा दस्तऐवज तेवढा काळ फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलांवर फिरला. २०२४ पासून पालिका अर्थसंकल्पातील वातावरणविषयक खर्चाचा स्वतंत्र अहवाल काढते, ही त्यातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणता येईल. निदान पैसा कोठे जातो ते दिसते.

छतांवरची सौर ऊर्जा हा आराखड्यातील सर्वांत लोकप्रिय भाग. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने बृहन्मुंबईतील छतांची क्षमता सुमारे १,७२० मेगावॉट इतकी काढली होती. शहराची उन्हाळ्यातली कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते, म्हणजे आकडा लहान नाही. पण ही क्षमता गच्चीवर जाऊन पाहिली की आक्रसते. एका किलोवॉटला सुमारे १० चौ. मी. मोकळी, सावली नसलेली जागा लागते. मुंबईतल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, मोबाइलचा टॉवर आणि गळती थांबवण्यासाठी घातलेली पत्र्याची शेड आधीच ठाण मांडून बसलेली असते. शेजारी टॉवर उभा राहिला की दुपारनंतर ऊनही जाते. सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय निघाला की शेवटच्या मजल्यावरचे सभासद आधी वॉटरप्रूफिंगचे काय ते विचारतात. त्यांची शंका रास्त आहे, म्हणून आता पॅनेलांचा सांगाडा स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करतात. एक किलोवॉट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, जुलै-ऑगस्टमध्ये बराच कमी. पॅनेलांवरची बांधकामाची धूळ आणि कबुतरांची घाण नियमित धुवावी लागते. एवढे करून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे, म्हणजे कॉमन मीटरचे बिल चांगलेच उतरते. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. चाळी आणि झोपडपट्ट्यांतील माणसाला मात्र यातले काहीच लागू होत नाही, कारण छत त्याच्या नावावर नाही.

पालिकेच्या स्वतःच्या वीजवापरात पाणीपुरवठा मोठा आहे, आणि तेथे तिची सत्ताही पूर्ण चालते. तानसा, मोडकसागर आणि वैतरणेवरील धरणांचे पाणी बऱ्याच अंशी उतारानेच भांडुपला येते, विजेविना. जुन्या अभियंत्यांची ही पुण्याई शहर आजही वापरते. भातसाचे पाणी पिसे येथून पांजरापूरला उपसावे लागते. मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगती सौर वीज असा संकरित प्रकल्प पालिकेने आखला आहे. दुसरीकडे मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प योजला आहे. या प्रक्रियेला घनमीटरमागे साधारण ३ ते ४ युनिट लागतात. म्हणजे पूर्ण क्षमतेने दिवसाला ६ ते ८ लाख युनिट. धरणावर कमावलेली वीज समुद्रकाठी खर्ची पडणार, आणि हे दोन्ही प्रकल्प एकाच पालिकेचे आहेत. देवनारचा कचऱ्यापासून वीज प्रकल्प आणि बेस्टच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बस यांचीही या आखणीत नोंद होते. मात्र कोळशाच्या विजेवर चार्ज होणारी बस धूर केवळ शहराबाहेर नेते.

बंदरातच, गेटवेपासून लाँचने तासाभरावर असलेल्या घारापुरीचा अनुभव उलट आहे. लेण्यांमुळे १९८७ पासून जागतिक वारसा ठरलेले हे बेट मुंबई पालिकेत नाही. ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते आणि तेथे ग्रामपंचायत आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटरवर वीज मिळे. समोर मुंबई झगमगत असताना येथे बायका आठच्या आत दळण-वाटण उरकत. महावितरणने समुद्राखालून सुमारे साडेसात किमी.ची केबल टाकली, तीनही गावांत रोहित्रे बसवली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बेटावर चोवीस तास वीज आली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. एवढ्याशा मागणीसाठी सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांचे स्थानिक जाळे उभारता आले असते, असा विचार मनात येतो. पण पावसाळ्यातले ढगाळ आठवडे आणि खारी हवा यांचा अनुभव असलेल्या गावकऱ्यांना तार हवी होती, यात नवल नाही. पर्यटकांना ने-आण करणाऱ्या लाँच डिझेलवर चालतात. त्यांना परवाने देणे ग्रामपंचायतीच्या नव्हे, तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते.